तिनाच्या जागी दोन

“डोंगर सुटला आहे,” आलेखावर पेन्सिलीचं टोक टेकवत खानोलकर सर म्हणाले. “तहसीलदारांना सकाळीच कळवलं. परवा उंबरमाळ रिकामं होईल.”

आलेख देखणा होता, यात वाद नाही. आमची संस्था डोंगरउतारांवर लोखंडी खांब रोवून त्यांच्या माथ्यावर उपग्रहांचे संकेत घेणारे रिसीव्हर बसवत असे. खांब मिलिमीटरभर सरकला तरी ते हिशेबात दिसे. उंबरमाळ ही तेवीस घरांची वाडी अशाच एका उतारावर होती आणि तिथला खांब त्याच वर्षी चैत्रात रोवलेला होता. तेव्हापासून दिवसाला एक ठिपका, अशी ठिपक्यांची ओळ आषाढ-श्रावणाच्या झडीतही सरळ चालत आली होती. भाद्रपद अर्धा सरला, पावसानं उघडीप दिली, आणि ती ओळ दरीच्या दिशेनं वळली. आधी एक मिलिमीटर, मग दोन, मग तीन, मग पाच. दरड कोसळण्याआधी जमीन अशीच वेग घेत सरकते, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मला खटकलं ते नेमकं हेच. निसर्गाला इतक्या आज्ञाधारकपणे पाठ्यपुस्तक गिरवताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

“कच्च्या नोंदी मी एकदा चालवून पाहू का?” मी विचारलं.

“देवस्थळी, शंका घेण्याचं तुम्हाला व्यसन आहे.”

“त्याचाच पगार घेते, सर.”

“तुमची शंका खोटी ठरली तर कुणाचं काही जात नाही. माझा इशारा उशिरा गेला तर तेवीस घरं जातात. चूक करायचीच असेल तर मी लोकांना हलवण्याच्या बाजूनं करीन.”

त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. पण उठवलेली वाडी काहीच न घडता परतली, की पुढच्या इशाऱ्याला तिथलं कुणी जागचं हलत नाही, हेही तितकंच खरं होतं. मी नोंदी घेऊन बसले.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आमच्या प्रोग्रॅमना चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. पहिल्या ओळीनं रिसीव्हरची कच्ची नोंद वाचण्याजोगी होई. दुसरीनं ती तालुक्याच्या गावी पक्क्या खडकावर बसवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरच्या नोंदीशी ताडली जाई आणि खांबाचं स्थान हाती येई. या दुसऱ्या ओळीत एक आकडा द्यावा लागे. तीन दिला तर प्रोग्रॅम असं धरून चाले, की खांब दिवसभर स्थिर आहे, आणि चोवीस तासांच्या मोजमापांतून एकच, अतिशय नेमकं उत्तर काढी. दोन दिला तर तो काहीही गृहीत धरत नसे आणि क्षणाक्षणाचं वेगळं उत्तर देई. ही उत्तरं साहजिकच थरथरती असत. डोंगर काही तासातासाला हलत नाही, त्यामुळे आम्ही नेहमी तीन देत असू.

मी तिनाच्या जागी दोन लिहिला आणि एंटर दाबलं.

जे उमटलं ते घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. “सर, उंबरमाळचा डोंगर सकाळी दहाला खाली उतरतो आणि संध्याकाळी परत वर चढतो.”

सरांनी कागद ओढून घेतला. रात्रभर सरळ रेष. सकाळी दहाच्या सुमाराला दरीकडे एकदम झेप. शेवटच्या दिवशी तर जवळजवळ तीन सेंटिमीटर. मग दुपारभर हळूहळू माघार, आणि दिवस मावळायच्या आत खांब मूळ जागी. रोज हेच, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा मोठं. चोवीस तासांच्या सरासरीत हा सारा खेळ विरघळून पाच मिलिमीटरचा सभ्य ठिपका झाला होता.

“उन्हानं खांब वाकत असेल,” सर म्हणाले.

“उन्हानं वाकला तर सकाळी पश्चिमेला झुकेल, दुपारनंतर पूर्वेला. तोही एखाद-दुसरा मिलिमीटर.”

“आजूबाजूच्या पत्र्यांवरून संकेत परावर्तित होत असतील.”

“तो नमुना रोज चार मिनिटं अलीकडे सरकतो. उपग्रह आपल्या घड्याळानं चालत नाहीत. हा सरकत नाही. जे काही आहे ते आपल्या घड्याळानं चालतं.”

“मग काय आहे?”

“माहीत नाही.”

सरांनी चष्मा काढला. “तुमची रेष खरी आहे, देवस्थळी. पण ‘माहीत नाही’ एवढ्यावर मी तहसीलदारांना कसं सांगू, की लोकांना तिथंच राहू द्या? मला कारण आणून द्या. परवा दुपारपर्यंत गाड्या भरतील. त्याआधी कारण मिळालं तर इशारा मी स्वतः मागे घेईन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उंबरमाळला पोचले तेव्हा वाडी सामान बांधत होती. नोटीस आदल्या संध्याकाळीच मिळाली होती. शाळेच्या पडवीत साठीची एक बाई कांडपाच्या मुसळाला सुतळी गुंडाळत बसली होती. ग्रामपंचायतीत वाडीची सदस्य असलेल्या ठकूबाई झोरे त्या याच.

“तुमीच का त्या मशीनवाल्या?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बसा. च्या घेता? भांडी बांधलीत, पन तुमच्यापुरतं एक सोडते. ज्यांनी उठवलं त्यांनी निदान च्या तरी पिऊन जावं.”

“उद्या दुपारच्या आत कारण सापडलं तर कदाचित उठावं लागणार नाही.”

“कदाचित.” त्यांनी सुतळीची गाठ दातांनी आवळली. “मी नवी नवरी हुते तवा खालचं गाव धरनात गेलं. आमाला पत्र्याच्या शेडात घातलं. पंधरा दिसांपुरतं, म्हनाले. माझी तिन्ही पोरं त्या शेडात जल्मली. थोरली त्यातनंच सासरी गेली. शेवटी आमी कुनाला न इचारता हितं येऊन घरं बांधली. उद्या आमाला कुठं नेनार, तुमाला ठावं हाय?”

“नाही.”

“शेडात.”

मी चहा घेतला. तो नाकारणं मला जमलं नसतं.

मग मी खांबाकडे गेले. शाळेच्या पटांगणाच्या उताराकडच्या कडेला चार इंची पाइपाचा तो खांब उभा होता. शेजारी पाण्याची टाकी, पलीकडे खाली एकुलती एक जांभूळ. पायाच्या काँक्रीटला तडा नाही, बोल्ट घट्ट. कुंपण कंत्राटदारानं घातलेलंच नव्हतं. ‘हात लावू नये’ अशी पाटी मात्र होती. छप्पन्न वेळा पाहिलं तरी दिसलं एवढंच, की खांब हा खांबच होता. शाळेमागच्या उघड्या कातळावर मी दुसरा रिसीव्हर मांडला, दोन्हींच्या तारा वर्गात आणल्या आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिली. कातळ आणि खांब यांच्यातलं अंतर सेकंदासेकंदाला पडद्यावर उमटू लागलं.

सकाळी तहसीलदार मुळीक तलाठ्यांना आणि तीन टेंपो घेऊन आले. गृहस्थ स्थूल, त्रासलेले, पण ऐकून घेणारे होते.

“दहाच्या सुमाराला खांब दरीकडे झुकेल,” मी म्हणाले. “झुकत असताना भोवती काय चाललं आहे ते सगळ्यांनी मिळून पाहू. कारण तिथंच सापडेल.”

“आणि नाही झुकला तर?”

“तर मी चुकले.”

“सामान चढेपर्यंत चुकायला हरकत नाही,” मुळीक म्हणाले.

दहा वाजले. पटांगणात माणसं गोळा झाली होती. पडद्यावरचा आकडा शेवटच्या घरात थरथरत होता, एरवी जागचा हलत नव्हता. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. पहिल्या टेंपोचा फाळका बंद झाल्याचा आवाज आला. मुळीकांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

“मॅडम, डोंगरापर्यंत तुमचा निरोप पोचलेला दिसत नाही.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

भाकीत फसलं की दोन गोष्टी करता येतात. सबब शोधता येते, किंवा फसण्यालाच मोजमाप मानता येतं. रोज जे घडत होतं ते आज घडलं नव्हतं. ऊन होतं, उपग्रह होते, डोंगर तिथंच होता. मग आज नव्हतं काय? मी प्रश्न उलटा करून मोठ्यानं विचारला.

“ठकूबाई, रोज या वेळेला इथं काय असतं, जे आज नाही?”

“आज?” त्या उसळल्या. “आज काय असनार, कपाळ? ना चूल, ना भाकर, ना धुनं!”

“धुणं?”

“घटाचं धुनं. चार दिसांवर घट बसत्यात. त्याच्या आदी घरातलं झाडून समदं धुवाया नको? चादरी, वाकळा, गोधड्या. टाकी हितं, ऊन हितं. समद्या वाडीच्या बाया हितंच धुतात.”

“आणि वाळत कुठं घालता?”

“कुठं म्हंजी? त्या जांभळीपासनं ह्या…” त्यांचा हात जांभळीकडून निघाला, हवेत एक रेघ ओढत आला आणि खांबाशी येऊन थबकला.

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. मग मागून त्यांच्या सुनेचा, सुंदराचा, घाईघाईचा आवाज आला. “पन आमी हात न्हाई लावला, मॅडम! पाटीवर लिवलंय न्हवं? आमी नुसती दोरी बांधली. सांजच्याला सोडून पन ठेवतो.”

“पहिल्या दिवशी कुणाच्या गोधड्या होत्या?”

“आमच्याच. दुसऱ्या दिशी शेजारची आली, मग वरल्या आळीच्या आल्या. परवा तर इतक्या झाल्या, की दोरी भुईला टेकाय लागली. शेजारच्या बाबूनं आन् त्याच्या भावानं ताणून पुन्यांदा बांधली.”

सारं जुळलं. ओल्या गोधड्यांचं वजन दोरीवर आलं की खांब जांभळीकडे, म्हणजे दरीकडे, ओढला जाई. गोधड्या वाळत जातील तसा तो सावरे. आणि दरडीचा वेग म्हणून आम्ही जो वाचला होता, तो घट जवळ येत चालल्याचा वेग होता.

मुळीकांनी खांबाला हात लावून तो हलवून पाहिला. पाटीचं त्यांना भान नव्हतं. “गोधड्यांनी हा वाकतो? मला पटत नाही.”

“पटू नयेच,” मी म्हणाले. “तपासा. मी वर्गात बसते, खिडकी बंद करून, खांबाकडे पाठ करून. गोधड्या कधी घालायच्या, कधी काढायच्या, ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका. आत मी आकडा पाहून काय घडलं ते बोलेन आणि तलाठी वेळ घालून लिहून घेतील. बाहेर तुम्ही लिहा. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवू.”

मुळीकांचे डोळे प्रथमच चमकले. “मी काही कमीजास्त केलं तर?”

“तेही सांगेन.”

अडचण एकच होती. वाळलेल्या गोधड्या टेंपोत चढल्या होत्या आणि प्रयोगाला ओल्या हव्या होत्या. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रयोग फसला तर शेडातली पहिली रात्र ओल्या पांघरुणांत जाणार होती. हे बोलून दाखवायची गरज कुणालाच वाटली नाही.

“भिजवा,” ठकूबाई म्हणाल्या.

“आत्याबाई, पन…”

“भिजवा म्हंते ना! वल्या घेऊन जायची पाळी आली तर माझ्या अंगावर टाका. काढ गं ती माझी आदी.”

मी वर्गात जाऊन बसले. तलाठी बाकावर कागद घेऊन बसले. खिडकी लावली. बाहेर मुळीकांनी एकच कडक सूचना दिली: कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. उंबरमाळच्या इतिहासात इतकी अवघड अट कुणी घातली नसावी.

पडद्यावर आकडे एकाखाली एक उतरत होते. तेच, तेच, तेच. मग शेवटून दुसरं घर हललं. पाच मिलिमीटर. नऊ. चौदा. एकवीस.

“चढवताहेत,” मी म्हणाले. तलाठ्यांनी लिहिलं. आकडा सव्वीसवर येऊन थांबला. “चढवून झाल्या.”

थोड्या वेळानं तो झरझर खाली आला. “उतरवल्या. सगळ्या.”

नंतर बराच वेळ काहीच झालं नाही. “अजून काही नाही,” मी म्हणाले. “अजूनही नाही.” तलाठी माझ्याकडे संशयानं पाहू लागले. मला स्वतःलाही बाहेर पाहायची अनावर इच्छा झाली, आणि म्हणूनच मी खुर्ची आणखी भिंतीकडे वळवली.

मग चार मिलिमीटर. “थोड्याच घातल्या आहेत. दोन, फार तर तीन.”

पुन्हा शून्य. पुन्हा शांतता. आणि मग आकडा अशा दिशेला सरकू लागला, ज्या दिशेला तो त्या भाद्रपदात एकदाही गेला नव्हता.

“हे काय?” मी उभी राहिले. “उलटं! खांब डोंगराकडे झुकतोय. नऊ मिलिमीटर… अकरा… गोधड्या नाहीत या, हा आकडा हिसके देतोय. माणसं ओढताहेत!”

तलाठ्यांनी ‘माणसं ओढताहेत’ असं लिहिलं, आणि न राहवून खिडकी उघडून तेच मोठ्यानं ओरडून सांगितलं.

बाहेर जो हलकल्लोळ उठला तो मी जन्मात विसरणार नाही. बाया टाळ्या पिटत होत्या, म्हातारे काठ्या आपटत होते, कुणीतरी रिकामी घागर बडवत होतं. मी दारात आले. खांबाच्या वरच्या अंगाला दोरी लावून बाबू, त्याचा भाऊ आणि आणखी दोघे ओढत होते, आणि सर्वांत पुढे, पाय रोवून, घामानं निथळत, प्रत्यक्ष तहसीलदार मुळीक होते.

“ओळखलं का?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“माणसं आहेत एवढं ओळखलं. तहसीलदार आहेत हे यंत्राला कळलं नाही.”

दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले. मुळीकांनी एकेका ओळीवर बोट फिरवलं. मधल्या शांततेत ते मुद्दाम स्वस्थ बसले होते. थोड्या म्हणून त्यांनी दोनच गोधड्या घालायला लावल्या होत्या.

“एकही चुकली नाही,” तलाठी म्हणाले.

“दिसतंय मला.” मुळीकांनी खानोलकर सरांना फोन लावला, घडलेलं सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “म्हणजे धुणं.”

“धुणं, सर.”

“इशारा मागे घेतोय. लेखी पत्र आत्ता निघतं. रात्रीच्या नोंदी तुम्ही पाहिल्याच असतील?”

“चैत्रापासूनच्या सगळ्या. मिलिमीटरभर फरक नाही.”

“उद्यापासून प्रत्येक उतारासाठी दोन्ही चालवायचे. तीनही आणि दोनही.” फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, “आणि देवस्थळी, व्यसन सोडू नका.”

मुळीक टेंपोच्या पायरीवर चढले. भाषण करायचं त्यांच्या मनात असावं, पण श्वास पुरला नाही. “सामान उतरवा!” एवढंच ते ओरडले, आणि पटांगण पुन्हा दणाणलं. ज्या सामानाला चढायला सकाळ लागली होती ते पाहता पाहता खाली आलं. सुंदरानं पेटी डोक्यावर घेतली आणि ती जवळजवळ धावतच घराकडे निघाली.

ठकूबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“म्हंजी डोंगर कदीच सुटनार न्हाई?”

गर्दीतले काहीजण थांबले. त्या घटकेला ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं, हे मला अजून आठवतं.

“असं मी म्हणणार नाही,” मी म्हणाले. “आजवर सुटलेला नाही, इतकंच मला माहीत आहे. सुटला तर हा खांब सांगेल. पण तेव्हा तो संध्याकाळी परत जागेवर येणार नाही.”

“आन् तवा तुमी येऊन सांगनार?”

“त्याच दिवशी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काल ‘कदाचित’ हा शब्द ज्या नजरेनं तोलला होता, तीच ती नजर होती.

“मग तवा आमी जाऊ,” त्या म्हणाल्या. “शेडात सुदिक जाऊ. दुसरं कुनी सांगाया आलं तर न्हाई. तुमी सांगितलं तर.”

बारा वर्षांत माझे निबंध छापले गेले, त्यांतले काही वाचलेही गेले. पण माझ्या मोजमापावर यापेक्षा मोठा शेरा मला कुणी दिलेला नाही.

तेव्हा मी कामाचंच बोलले. “खांबाला पुन्हा दोरी बांधायची नाही. कुंपण येईल, तोवर तुम्ही लक्ष ठेवायचं.”

“बरं,” ठकूबाई म्हणाल्या. “आन् ह्या समद्या वल्या गोधड्या आता कुठं टाकू? तुमच्या गळ्यात?”

त्यांनी चौफेर पाहिलं. मग पदर खोचला, सगळ्यांत वरची, सगळ्यांत जड गोधडी उचलली, आणि पहिल्या टेंपोच्या फाळक्यावर दणकन पसरली. बाकीच्यांना सांगावं लागलं नाही. बघता बघता तिन्ही टेंपो चाकांपर्यंत झाकले गेले. दोन चादरी मुळीकांच्या जीपवरही चढल्या आणि त्यांनी त्या दिसूनही न दिसल्यासारखं केलं.

पहिल्या टेंपोचा ड्रायव्हर डबा खाऊन आला आणि आपली गाडी ओळखू न येऊन क्षणभर भांबावला.

“ओ मावशी, हे काय? आम्हाला निघायचंय. गाडी कधी सोडताय?”

ठकूबाईंनी गोधडीची सुरकुती तळहातानं निपटून काढली.

“वाळली की,” त्या म्हणाल्या.